हाडांचा धनी कोण?

माझा आजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. ओढून ज्या रानात टाकायचा तिथं वर्षानुवर्षं हाडं पडलेली असायची. महारकीच्या बदल्यात जो जमिनीचा तुकडा वतन म्हणून मिळाला होता, त्याचं नावच हाडकी-हाडवळा. हाडाला हात लावतो म्हणून आजा अस्पृश्य, आणि अस्पृश्य आहे म्हणून हाडाला हात त्यानंच लावायचा. गोल गोल फिरणारं हे दावं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. ते वारं आमच्या गावापर्यंत यायला काही वर्षं गेली, पण आलं. आज्यानं दावं टाकलं. त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला.

आणि त्याचा नातू काय करतो? विद्यापीठात माणसांची हाडं मोजतो. मोजायला शिकवतो. त्याचा पगार घेतो.

मी मानवशास्त्राला नाव घातलं तेव्हा बापानं विचारलं होतं, "काय शिकवत्यात रं तिथं?" मी सांगितलं. बाप बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुह्या आज्यानं हाडं टाकली, अन् तू फी भरून उचलाया निघालास व्हय?" तो हसला. मीही हसलो. पण चाळीस वर्षं झाली, ते बोलणं डोक्यातून गेलेलं नाही. दोस्तांनो, हा लेख म्हणजे त्या बोलण्याला मी द्यायचं राहिलेलं उत्तर.

ज्यांनी जैविक मानवशास्त्राची प्रयोगशाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक लांब टेबल. काचेची कपाटं. कपाटात कवट्या, मांडीची हाडं, दातांसकट जबडे. कोपऱ्यात अँथ्रोपोमीटर, म्हणजे उंची मोजायचा धातूचा दांडा. पेटीत दोन तऱ्हेचे कॅलिपर, एक सरळ सरकणारा, एक वाकड्या टोकांचा. वाकड्या टोकांच्या कॅलिपरनं डोक्याची लांबी-रुंदी घ्यायची. सरळ कॅलिपरनं नाकाची. नाकाच्या रुंदीला उंचीनं भागायचं, शंभरनं गुणायचं. आकडा सत्तरच्या खाली आला तर नाक अरुंद, पंच्याऐंशी किंवा त्याच्या वर गेला तर रुंद, मधला तो मध्यम. बोटांचे ठसे घ्यायचे, शंख-चक्र मोजायचे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन गट ओळखायचा. हाडावरून वय, उंची, बाई की पुरुष हे काढायचं. पोलिसांना नाल्यात सांगाडा सापडला तर तो कुणाचा असेल याचा माग काढणारी विद्या ती हीच.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. टेबलावर कवटी. मी नेहमीसारखा सांगत होतो, ही भुवयांमधली ग्लॅबेला, हा नाकाच्या मुळाशी नेझिऑन. सगळी पोरं पुढं वाकलेली. एक मुलगी तेवढी हात मागं बांधून उभी. बीडकडची, ऊसतोड घरातली, आपल्यातली. मी म्हणालो, "घे की हातात, घाबरतेस काय?"

"घाबरत नाही सर. हे कुणाचं आहे?"

"स्पेसिमेन आहे, बाई."

"ते कळलं सर. पण माणूस कोण होता?"

मला उत्तर देता आलं नाही. पेटीवर फक्त नंबर होता. मी तिला जे सांगितलं तेच मला माझ्या मास्तरांनी सांगितलं होतं. मास्तर ब्राह्मण होते, मी महाराचा. पण त्या क्षणी दोघांच्या तोंडात एकच शब्द होता, स्पेसिमेन. मला लाज वाटली. तास संपवला आणि खोलीत जाऊन बसलो.

प्रश्न साधा आहे. ज्या माणसानं कधी हो म्हटलं नाही, त्याच्या हाडावर उभं राहिलेलं ज्ञान आपण घ्यावं का? आणि ज्या शास्त्रानं आपल्याच लोकांची नाकं मोजून आपल्याला खालचं ठरवलं, त्या शास्त्राच्या टेबलाशी आपण बसावं का?

चळवळीतल्या पोरांपुढे मी हा प्रश्न ठेवला की दोन उत्तरं येतात. एक गट म्हणतो, लाथ मारा, हे साहेबांचं आणि भटांचं शास्त्र आहे. दुसरा म्हणतो, खुर्ची काबीज करा, आपला माणूस बसला की शास्त्र आपोआप आपलं होईल. मी खुर्चीत बसलेला माणूस आहे. म्हणून सांगतो, दोन्ही उत्तरं अपुरी आहेत.

पहिल्या उत्तराकडे आधी बघू. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अंमलदार होता. १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींवरचं त्याचं काम छापून आलं. १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख. त्यानं कॅलिपर लावून नाकं मोजली आणि सांगितलं की जसजसं नाक रुंद होत जातं तसतशी जात खाली जाते. मनूनं जे श्लोकात सांगितलं ते रिस्लेनं मिलिमीटरमध्ये सांगितलं. जात म्हणजे वंश, वंश म्हणजे रक्त, रक्त म्हणजे नशीब. झालं. आता दाद मागायची कुणाकडे? आकडा कुणाचं ऐकत नाही.

बाबासाहेबांनी काय केलं? कॅलिपर फेकून दिला नाही. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. लक्षात घ्या, तो सेमिनार मानवशास्त्राचा होता. पंचवीस वर्षांचा हा पोरगा तिथं सांगतो की जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. युरोपीय पंडितांनी रंगाला दिलेलं महत्त्व वाजवीपेक्षा जास्त आहे. पुढं १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात तर त्यांनी नाकांचे आकडेच हातात घेतले. घुर्ये यांनी मांडलेले प्रांतवार आकडे समोर ठेवले आणि दाखवून दिलं की ब्राह्मणाचं नाक आणि त्याच प्रांतातल्या अस्पृश्याचं नाक वेगळ्या वंशाचं ठरत नाही. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नाग. शत्रूच्या हातातली पट्टी घेऊन शत्रूच्याच घरात मोजणी केली. शास्त्राला लाथ मारणाऱ्यांनी हे आठवावं.

त्याच कोलंबियात फ्रांझ बोआस शिकवत होता. गोल्डनवायझर त्याचाच विद्यार्थी. बोआसनं न्यूयॉर्कमधल्या परदेशातून आलेल्या लोकांची आणि त्यांच्या पोरांची, सुमारे अठरा हजार जणांची मापं घेतली. १९११ च्या सुमारास त्यानं सांगितलं की अमेरिकेत जन्मलेल्या पोरांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा वेगळा निघतो. डोक्याचा आकार म्हणजे वंशाचा पक्का शिक्का, असं म्हणणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. पुढं १९७२ साली लेवाँटिननं रक्तातल्या प्रथिनांचा हिशेब करून दाखवलं की माणसामाणसातला सुमारे पंच्याऐंशी टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. वंशावंशात जो म्हणतात तो फारच थोडा.

माझ्या वर्गात हे दरवर्षी डोळ्यांपुढं घडतं. पोरं एकमेकांची नाकं मोजतात. देशपांड्याचं रुंद निघतं, कांबळ्याचं अरुंद. पोरं हसतात. मी त्यांना फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहायला लावतो आणि म्हणतो, आता नावं पुसा आणि जात ओळखा. आजवर कुणाला ओळखता आलेली नाही.

म्हणजे जात हाडात नसते. हे शास्त्रानंच सांगितलं, आणि ते सांगायला शास्त्राच्या आत शिरावं लागलं.

आता दुसरं उत्तर. आपला माणूस खुर्चीत बसला की झालं.

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हापासून आपण काळ्यांच्या लढ्याकडे भावकीच्या नजरेनं बघतो. त्यांच्यातला एक माणूस सांगतो. विल्यम माँटेग्यू कॉब. जन्म १९०४, वॉशिंग्टन शहरातला. हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि १९३२ साली शारीरिक मानवशास्त्रात पीएच.डी. मिळवली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत ती मिळवणारा पहिलाच. त्या काळी गोरे म्हणायचे, काळे शर्यतीत जिंकतात कारण त्यांच्या टाचेचं हाड आणि पोटरी वेगळी असते. म्हणजे जिंकले तरी श्रेय मेहनतीला नाही, जनावरासारख्या अंगाला. कॉबनं कॅलिपर घेतला आणि जेसी ओवेन्सचे पाय मोजले. १९३६ च्या जानेवारीत छापून सांगितलं की काळ्या माणसाची म्हणून जी टाच, जो पाय, जी पोटरी तुम्ही सांगता, ती ओवेन्सची नाहीच. धावण्याचं कारण कातडीच्या रंगात शोधू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओवेन्सनं हिटलरच्या बर्लिनमध्ये चार सुवर्णपदकं घेतली. पुढं १९५७ मध्ये कॉब अमेरिकेतल्या शारीरिक मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. १९७६ ते १९८२ तो एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेचाही अध्यक्ष होता. असा माणूस. प्रयोगशाळेतही आणि रस्त्यावरही.

कॉब मला बापासारखा वाटतो. पण बापालाही प्रश्न विचारायचा असतो.

हॉवर्डमध्ये कॉबनं शेकडो सांगाड्यांचा संग्रह उभा केला. ते सांगाडे आले कुठून? विद्यार्थ्यांनी चिरलेल्या प्रेतांतून. आणि प्रेतं आली कुठून? ज्यांना न्यायला कुणी आलं नाही अशी, गरिबांची, बहुतेक काळ्यांचीच. कुणाला विचारलेलं नव्हतं. तेव्हा कायदाच तसा होता. कॉबची नियत वाईट नव्हती. त्यानं ती हाडं काळ्यांच्याच बाजूनं वापरली. पण टेबलावर पडलेल्याला काय फरक? मोजणाऱ्याचा रंग बदलला, मोजला जाणारा तोच राहिला. बोआसचंही तसंच. वंशवाद्यांशी आयुष्यभर भांडलेला माणूस. पण १८८८ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या थडग्यांतून कवट्या उकरताना त्याचेही हात थांबले नव्हते. नंतर पैशासाठी त्या विकल्याही.

आपल्याकडे काय आहे बघा. १९४९ चा मुंबईचा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आहे. दवाखान्यात किंवा रस्त्यावर मेलेला, न्यायला कुणी आलं नाही असा माणूस कॉलेजच्या टेबलावर जाऊ शकतो. आपण त्याला बेवारस म्हणतो. बेवारस कोण असतो रे? ज्याचा बाप दुष्काळात गाव सोडून मुंबईला आला आणि फुटपाथवर राहिला तो. जिचं आधारकार्ड हरवलं ती. बंगलेवाला बेवारस मरत नाही. जन्मताना जात चिकटते आणि मरताना बेवारसपण चिकटतं, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाला.

आणि कलकत्ता. अनेक वर्षं जगभरच्या मेडिकल कॉलेजांना माणसांचे सांगाडे पुरवणारा सगळ्यात मोठा देश आपला होता, आणि त्या धंद्याचं ठाणं कलकत्त्याला. १९८५ साली सरकारनं निर्यातीवर बंदी आणली. त्याच्या आधी इथून गेलेली हाडं परदेशातल्या कपाटांत अजून आहेत. प्रेत उचलायचं, हाडं साफ करायची, हे काम कुणाचं असणार? स्मशान ज्यांच्या माथी मारलेलं आहे त्यांचंच. विकणारा वेगळा, शिकणारा वेगळा, आणि हात घाण झाले ते पुन्हा माझ्या आज्याचे. आमच्या प्रयोगशाळेतली ती पेटीही त्याच वाटेनं आली. बंदीच्या आधीची खरेदी, पत्ता कलकत्त्याचा. मुलीच्या प्रश्नानंतर मी जुनी वही काढून बघितली तेव्हा एवढंच कळलं. किंमत लिहिली होती. नाव नव्हतं.

आपण चैत्यभूमीवर जातो. तिथं बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. सहा डिसेंबरला लाखो लोक रांगेत उभे राहून त्या अस्थींपुढं वाकतात. बुद्धाच्या अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले. म्हणजे हाडाला मान असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग कपाटातल्या त्या हाडाला मान का नाही? नाव नाही म्हणून? नाव त्यानं हरवलं नाही, ते काढून घेतलं गेलं.

मग करायचं काय? सगळी हाडं पुरून टाकायची आणि प्रयोगशाळेला कुलूप लावायचं? मीही काही दिवस तसाच विचार केला. मग न्यूयॉर्कची गोष्ट वाचनात आली.

१९९१ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेलगत एक मोठी सरकारी इमारत बांधायला घेतली. खणताना हाडं लागली. ती काळ्या गुलामांची दफनभूमी होती. १६९७ साली तिथल्या ट्रिनिटी चर्चनं आपल्या आवारात काळ्यांना पुरायला बंदी केली, आणि त्यांनी आपली माणसं शहराच्या हद्दीबाहेर पुरली. गावकुसाबाहेर म्हणा ना. १७९४ च्या सुमारास ती भूमी बंद झाली, वर भराव पडला, घरं झाली, रस्ते झाले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ याच बेटावर राहत होते. कोलंबिया विद्यापीठ त्याच ब्रॉडवेवर, कित्येक मैल उत्तरेला. रस्त्याच्या एका टोकाकडे तो पोरगा जातीचा उगम मांडत होता, आणि दुसऱ्या टोकाकडे जमिनीखाली ही माणसं पडलेली होती. कुणाला पत्ता नव्हता.

हाडं निघाल्यावर सरकारला इमारतीची घाई. यंत्रानं काही थडगी उद्ध्वस्त झाली. न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांनी रस्त्यावर येऊन काम अडवलं. १९९२ मध्ये खोदाई थांबवावी लागली. पहिल्यांदा जे शास्त्रज्ञ नेमले होते ते हाडांवरून वंश ठरवण्याच्या जुन्याच वाटेनं निघाले होते. लोक म्हणाले, हे आमचे पूर्वज आहेत, त्यांची पुन्हा जात काढू नका. शेवटी १९९३ मध्ये ती हाडं हॉवर्ड विद्यापीठात गेली, कॉबच्या नावाच्या प्रयोगशाळेत, मायकेल ब्लेकी या काळ्या मानवशास्त्रज्ञाकडे.

इथवर गोष्ट 'आपला माणूस खुर्चीत' एवढीच आहे. पण ब्लेकीनं पुढचं पाऊल टाकलं. तो म्हणाला, पैसा सरकार देत असलं तरी माझा खरा मालक या मेलेल्यांचे वंशज आहेत. तो लोकांपुढं गेला. बैठका झाल्या, भांडणं झाली. काय शोधायचं ते लोकांबरोबर बसून ठरलं. ही माणसं कुठून आली? जगली कशी, काय सोसलं? आफ्रिकेतल्या माणसांचं अमेरिकेत काय झालं? आणि त्यांनी विरोध कसा केला? हाडाचा तुकडा तपासायला घ्यायचा तर त्यालाही लोकांची संमती.

आणि बघा, प्रश्न बदलल्याबरोबर तीच हाडं काय काय बोलायला लागली. ४१९ माणसांचे अवशेष होते. दहांतली चार लहान पोरं. पोरांच्या दातांवर उपासमारीच्या आणि आजारपणाच्या रेघा. बाया आणि पुरुष, दोघांच्याही हाडांवर स्नायू जिथं चिकटतात तिथं ओझ्यानं ओरबाडल्याच्या खुणा. मानेचे मणके झिजलेले. विशी-पंचविशीतल्या एका बाईच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी. काहींचे दात आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे घासून टोकदार केलेले. एका बाईच्या कमरेला मण्यांची माळ. साखळदंडात आणलेल्या बाईनं ती माळ जपली होती आणि तिच्या माणसांनी ती तिच्याबरोबर पुरली होती. न्यूयॉर्कसारख्या उत्तरेकडच्या शहरात गुलामी सौम्य होती, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या हाडांनी बंद केली. ऑक्टोबर २००३ मध्ये घानात कोरलेल्या लाकडी पेट्यांतून त्या सगळ्यांना वाजतगाजत परत त्याच जागी पुरलं.

मघाशी मी म्हणालो, जात हाडात नसते. आता पुढचं वाक्य लिहितो. जात हाडात नसते, पण जातीचं ओझं हाडावर उमटतं. रिस्ले हाडात जात शोधत होता. ब्लेकी हाडावर अन्याय वाचत होता. कॅलिपर तोच. फरक एवढाच की एकानं मोजल्या जाणाऱ्याला काही विचारलं नाही, आणि दुसऱ्यानं आधी विचारलं. विचारल्यामुळं शास्त्र कमजोर झालं नाही, जास्त खरं झालं.

आता माझ्यावर दोन हरकती येतील. दोन्ही मी स्वतःवर घेतल्या आहेत.

पहिली. विचारलं आणि लोक नाही म्हणाले तर? ज्ञान बुडेल की नाही? बुडेल. त्या ४१९ जणांचे सांगाडे आज मातीत आहेत. उद्या नवं तंत्र निघालं तर ते पुन्हा टेबलावर येणार नाहीत. शिक्षक म्हणून मला त्याची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो काही कामाचं नसतं. माझ्या आज्याला गावकीला नाही म्हणता येत नव्हतं, तिथंच तर सगळी गुलामी होती. मेलेल्याच्या वतीनं तरी नाही म्हणायचा हक्क कुणाला तरी असला पाहिजे. त्यात थोडं ज्ञान बुडालं तर ती किंमत मोजावी.

दुसरी हरकत आपल्यातलीच आहे आणि जास्त अवघड आहे. लोकांना विचारायचं म्हणता, पण लोकांना हवं ते उत्तर द्यायचं का? माझ्याकडे मित्र येतात, हातात डीएनएच्या संशोधनाचं कात्रण असतं. म्हणतात, "सर, एकदा सिद्ध करून टाका, आपण मूलनिवासी आणि ते परके." त्यांचा राग मला कळतो. पण मी त्यांना हात जोडून सांगतो, बाबांनो, ही रिस्लेचीच पट्टी आहे, फक्त उलटी धरलेली. माणसाचा हक्क तो आधी आला की नंतर आला यावर ठरत असेल, तर कालच्या पावसात पोट घेऊन आलेल्या माणसाचं काय? जनुकांचा अभ्यास काही सांगतो हे खरं. २०१३ साली हैदराबाद आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की या देशातले लोक हजारो वर्षं आपसात मिसळत होते आणि साधारण १९०० वर्षांपूर्वी ते मिसळणं थांबत गेलं. लग्नाच्या भिंती उभ्या राहिल्या. म्हणजे १९१६ साली बाबासाहेबांनी ज्यावर बोट ठेवलं, तिथंच हे येऊन पोचले. भांडण रक्ताचं नाही, भिंतीचं आहे. लोकांना प्रश्न विचारायचा हक्क आहे. उत्तर मात्र जे निघेल ते निघेल, ते आपल्याला बोचलं तरी. माझ्या लोकांशी मी खोटं बोललो, तर ते मला माणूस नव्हे, वकील समजतील.

तर मी काय करतो ते सांगून थांबतो. फार मोठं काही नाही.

आता पहिल्या तासाला मी ग्लॅबेला शिकवत नाही. ती वही काढतो, कलकत्त्याचा पत्ता आणि किंमत वाचून दाखवतो, आणि सांगतो की या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. मग पोरं दोन मिनिटं उभी राहतात. त्यानंतर शिकतात, आणि नीट शिकतात. ज्याला हात लावायचा नसेल त्याला प्लॅस्टरचा साचा देतो, त्याचे मार्क कापत नाही. या हाडांना शेवटी कुठं आणि कसं ठेवायचं याबद्दल मी वर अर्ज दिलेला आहे. उत्तर आलेलं नाही. मी दुसरा देणार आहे.

वस्तीवर मापं घ्यायला जायचं तर आधी समाजमंदिरात बसायचं. फॉर्मवर 'जात' हा रकाना ठेवायचा तो जातीनं अंगावर काय केलं हे मोजायचं असेल तरच. पोरांची वजनं, बायकांच्या रक्तातलं लोह, गटारात उतरणाऱ्याचं फुप्फुस. नाकाची लांबी मोजायला नाही. आणि निकाल मराठीत लिहून त्याच वस्तीत परत नेऊन वाचून दाखवायचा. जे वाचून दाखवायची लाज वाटेल ते छापायचं नाही.

ती मुलगी आता संशोधन करते. विषय तिचा तिनंच काढला. उसाची मोळी डोक्यावर वाहून बायांच्या मानेचं आणि पाठीचं काय होतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा ती शाळेत होती. हे सगळं तिनं घरात बघितलेलं आहे. पहिल्या बैठकीला मीही गेलो होतो. तिची आई मागं बसली होती. पोरीनं सगळं समजावून सांगितल्यावर आई म्हणाली, "मेल्यावर आमची हाडं मोजित्यात ते ठावं हाय. जित्यापणी कुणी मोजाया आलं न्हाई. तू मोज. पर आकडा आला की कारखान्याला बी दाव."

पोरीनं ते वहीत लिहून घेतलं, प्रश्न पहिला म्हणून. कारखान्याला आकडा दाखवायचा कसा, मुकादम आत येऊ देईल का, यावर बाया रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या. पुढची बैठक पट्टा पडायच्या आत घ्यायची ठरली आहे. ज्यांना मापं घ्यायला शिकायचं असेल त्यांनी यावं. कॅलिपर आमच्याकडे दोनच आहेत, आळीपाळीनं वापरू.

जय भीम.